बटण

अ‍ॅल्युमिनियम तापलं तरी लाल होत नाही.
पहिल्याच दिवशी नबीचाचा शिकलगारांनी बजावलं :
"लोखंड बिचारं तोंडावर दाखवतं, मगदूम.
हे पांढरंफटकच राहतं
आणि मग एकदम पाणी होतं.
रंगावर जाऊ नको."

शिरोली एमआयडीसी, शेड नंबर चार.
तांब्याच्या दोन टोकांमध्ये दोन पत्रे,
आधी दाब, मग वीज,
तीस हजार अँपिअर, पापणी लवायच्या आत.
लोखंडाला लागते त्याच्या तिप्पट,
कारण हे आलेली ऊब जवळ ठेवतच नाही,
इकडून घेतं, तिकडे वाटून मोकळं.
आमच्या थोरल्या मामांसारखं.

मध्ये वितळतो एक थेंब, मसुराएवढा.
गोठतो.
त्याच्या भरवशावर दुधाच्या गाडीचं दार.

माझं काम तोडायचं.
तासाला एक तुकडा व्हाइसमध्ये धरायचा,
उसाचं साल दातानं ओढावं
तसा पक्कडीनं वरचा पत्रा ओढायचा.
जोड चांगला असेल तर जोड तुटत नाही,
पत्रा फाटतो.
एकाला भोक पडतं, दुसऱ्यावर बटण उरतं,
पहिल्याच्या अंगाचा लचका घट्ट धरून.
वाईट असेल तर
दोघं अलगद सुटतात, न भांडता.
कुणाचं काही कुणाकडे राहत नाही.

चाचांचे वाडवडील तलवारींना धार लावत.
चाचा तांब्याच्या टोकांना लावतात,
दर चाळीस टाक्यांनंतर,
कारण पत्रा तांब्याला चिकटतो, टोक काळवंडतं,
थेंब लहान होत जातो.
वरून सगळे टाके सारखेच,
देवीच्या वणांसारखे.

मार्चअखेर होता. साठ दारांची ऑर्डर.
चाचा मोतीबिंदूसाठी दवाखान्यात.
टोकांवर नवा पोरगा, सुयोग.
मोजायचं विसरला,
की मोजत होता आणि फोन आला,
त्यालाही सांगता आलं नाही.
चारचा तुकडा माझ्या हातात
आवाज न करता सुटला.
तीनचा पास होता.
मधली अकरा दारं.
नऊ शेडमध्येच.
दोन गेली होती.

साहेब म्हणाले, "एका दाराला चौऱ्याऐंशी टाके असतात.
एकाच्या जिवावर कोण चाललंय?"
खरं आहे.
पण भेग थेंबाच्या काठावर सुरू होते,
दोन पत्र्यांमधली फट जिथं येऊन टेकते तिथं.
खड्ड्यागणिक केसभर सरकते,
आणि तुटलेल्याचं ओझं शेजारचा उचलतो,
मग त्याच्या शेजारचा.

एक दार कागलहून परत आलं.
मी ते अख्खं सोललं, दोन दिवस,
बोटांना पट्ट्या लावून.
एकाहत्तर बटणं.
तेरा नुसत्या गुळगुळीत जागा.

दुसऱ्या गाडीचा मालक फोनवर :
"बाई, दार झ्याक लागतंय बगा.
दुधाची येळ मोडू नका."

रविवारी आम्ही गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो,
मी स्कूटर चालवतेय,
मागं चाचा, एका डोळ्यावर हिरवी झापड,
मांडीवर छिन्नी आणि हातोडी फडक्यात बांधून.
मालकानं आधी चहा दिला.
चाचांनी दारावरून हात फिरवला,
कडेला, बिजागरीपाशी थांबले,
दोन टाक्यांच्या मध्ये छिन्नी सरकवली.
पहिला धरून राहिला.
दुसराही.
मालक हसायला लागला.

तिसऱ्याला टक् झालं,
एवढंसं, नखावर नख मोडल्यासारखं.

चाचांनी छिन्नी काढली नाही.
माझ्याकडं न बघता म्हणाले,
"वही आणलीस का?"
वही आणली होती.
मालक मुकाट्यानं गाडीत चढला
आणि एकेक कॅन खाली उतरवायला लागला.